कॉकटिएलच्या तळपायाला लाल चट्टा: पिंजऱ्यात दांडी कसली लावू?

मृण्मयी
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. आमच्याकडे अडीच वर्षांची कॉकटिएल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आहे, गोटी. काल स्प्रेने तिची आंघोळ चालू होती, ती पंख पसरून जाळीला उलटी लटकते ना तशी लटकली आणि पहिल्यांदाच तिचे तळपाय मला अगदी डोळ्यांसमोर दिसले. कडेला बारीक दाणेदार खवल्यांची नक्षी आहे, पण मधे जिथे वजन पडतं तिथे ती नक्षी पुसून गेलीय, कातडी गुळगुळीत, गुलाबी, चकाकणारी, आणि डाव्या पायाला मोहरीएवढा लाल ठिपका. अडीच वर्षं रोज बघतेय मी तिला आणि हे दिसलंच नाही, रात्रभर झोप नाही लागली. आज डॉक्टरकडे नेलं, ते म्हणाले बंबलफूटची, म्हणजे तळपाय दाबाने सुजून चिघळण्याच्या आजाराची, सुरुवात आहे, अजून जखम नाही, वेळेत आलात. मलम दिलंय आणि सांगितलं की खरं औषध म्हणजे दांड्या बदला आणि खाणं बदला.

पिंजऱ्यात आत्ता दोन दांड्या आहेत, पिंजऱ्याबरोबरच आलेल्या, प्लास्टिकच्या, गोल गुळगुळीत. एकीवर मी दुकानदाराच्या सांगण्यावरून पॉलिश पेपरचं कव्हर चढवलं होतं, म्हणे नखं आपोआप घासली जातात. आता काय लावू? ऑनलाइन बघितलं तर शंभर प्रकार आहेत, दोरीच्या, सिमेंटच्या, रंगीत, घुंगरू लावलेल्या. आईकडे सासवडला पेरूचं झाड आहे, त्याची फांदी चालेल का? कुणी केलं असेल तर नीट सांगा प्लीज.

राजाभाऊ_ठाणे
मृण्मयीताई, आधी ते पॉलिश पेपरचं कव्हर आत्ताच्या आत्ता काढा, मग बाकीचं वाचा.

पेरूची फांदी चालेल काय, त्याच्यासारखं दुसरं नाही. मी बावीस वर्षं पक्षी पाळतोय, सध्या दोन कॉकटिएल आणि एक म्हातारा बजी (बजरीगर, अगदी छोटा पोपट) आहे, आणि पहिली काही वर्षं मीपण त्याच गुळगुळीत दांड्या वापरल्या कारण पिंजऱ्याबरोबर येतात म्हणजे बरोबरच असणार असं वाटायचं. आपण रात्री आडवे होतो, पायाला आठ तास आराम मिळतो. हा जीव झोपतोसुद्धा पायावर उभा राहून. दांडी सगळीकडे सारख्याच जाडीची असेल तर तळव्याच्या त्याच त्या जागेवर दिवसरात्र दाब, तिथलं रक्त कमी फिरतं, कातडी पातळ होते, मग लाल, मग कडक घट्टा, मग तो फुटला की जंतू आत, आणि पुढे हाडापर्यंत. तुमचं पहिल्या पायरीला लक्षात आलंय, त्यामुळे धीर सोडू नका.

फांदीची गंमत अशी की ती इथे जाड तिथे बारीक, मधे गाठ, थोडी वाकडी. पोपटवर्गाची दोन बोटं पुढे दोन मागे असतात, फांदीवर तो दर पावलाला पकड बदलतो आणि दाबाची जागा बदलते. जाडीचा अंदाज साधा आहे, पंजाने दांडी धरली की साधारण दोन तृतीयांश ते पाऊण वेढा बसला पाहिजे, बोटं पूर्ण फिरून एकमेकांना टेकली तर दांडी बारीक. कॉकटिएलला दीड ते अडीच सेंटिमीटर, बजीला एक ते दीड, आफ्रिकन ग्रे सारख्या मोठ्या पक्ष्याला अडीच ते चार. एकच मोजून मापून नका लावू, तीन वेगवेगळ्या जाडीच्या लावा.

विनय
सगळं पटतंय पण पॉलिश पेपरला इतकं वाईट का म्हणताय? आमच्या बजीला चार वर्षं तेच कव्हर आहे, काही झालेलं नाही. आणि ते काढलं तर नखांचं काय करायचं, मला कापायची भीती वाटते.

राजाभाऊ_ठाणे
विनय, तुम्ही त्याचे तळवे खालून बघितलेत का? एक उपाय सांगतो, स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, झाकण न लावता पक्षी दोन मिनिटं त्यात उभा करा, वर हलकं फडकं धरा आणि डबा उचलून खालून बघा. न पकडता न घाबरवता अख्खा तळवा दिसतो. मी दर रविवारी बघतो.

पेपरवर नख टेकतच नाही हो फारसं, नखाचं टोक दांडीच्या बाजूला हवेत असतं. घासला जातो तो तळवा. नखांसाठी एक सिमेंटची खरबरीत दांडी चालते पण ती एकच, खाण्याच्या वाटीसमोर, जिथे तो दिवसातून काही मिनिटंच उभा राहील. सगळ्यात वरच्या जागी कधीच नको, कारण झोपतात ते वरच. कापायची वेळ आली तर फक्त टोक, आणि बाजूला चिमूटभर कॉर्नफ्लोअर ठेवा, चुकून रक्त आलं तर दाबून धरायला. पहिल्यांदा डॉक्टरकडून करून घ्या आणि बघून शिका.

विनय
बघितलं. दोन्ही तळवे गुलाबी गुळगुळीत. कव्हर काढलंय. धन्यवाद राजाभाऊ, खरंच.

कस्तुरी_कोल्हापूर
दांडीबद्दल राजाभाऊंनी सांगितलंच आहे, मला पिंजऱ्याच्या जाळीबद्दल आणि हुकांबद्दल लिहायचंय, कारण त्यातून आमचा पिंटू जाता जाता वाचलाय आणि हे मी जिथे विषय निघेल तिथे सांगते.

पिंटू म्हणजे ग्रीन चीक कोन्युअर, छोटा परदेशी पोपट. त्याला मोठी जागा मिळावी म्हणून आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून पिंजरा करून घेतला, जीआय जाळी, छान चकचकीत, तीन फूट लांब. आम्हाला केवढा अभिमान होता त्या पिंजऱ्याचा. पिंटूला चोचीने जाळी धरून चढायची सवय, आणि वेल्डिंगच्या जागी जस्ताचे बारीक थेंब गोठलेले होते ते तो कुरतडत बसायचा, आम्हाला वाटायचं खेळतोय. तिसऱ्या आठवड्यात खालचा कागद सारखा ओला दिसायला लागला, पाणी खूप प्यायचा. मग शी गडद हिरवी, मग खाल्लेलं उलटून टाकणं, आणि एका सकाळी तो दांडीवर नव्हताच, खाली कोपऱ्यात फुगून बसला होता. वजन ६८ ग्रॅमवरून ५४ वर. पुण्याला घेऊन धावलो, एक्सरे काढला तर पोटात पांढरे ठिपके, सुईच्या टोकाएवढे. जस्त. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. अंगातलं जस्त बाहेर काढणाऱ्या कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं, दिवसातून दोनदा, पाच दिवस, मग थांबून परत. त्या पाच दिवसात घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

वाचला. आता ७० ग्रॅम आहे. पण तेव्हापासून पिंजऱ्यात जाणारी धातूची प्रत्येक वस्तू मी आधी बघते. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा, आणि तो नवा असताना जास्त झडतो. काही लोक व्हिनेगरने घासून घ्या म्हणतात, त्याने सुटी भुकटी कमी होते पण मुलामा तिथेच राहतो, चावणाऱ्या पक्ष्याला त्याचा उपयोग नाही. स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ नंबरचं. परवडत नसेल तर चांगल्या पावडर कोटिंगचा पिंजरा, पण कुठे पोपडा उडाला की लक्ष ठेवा. खेळणी अडकवायचे हुक, साखळ्या, घंटीची आतली लोळी हे सगळं तपासा. शिसं तर जस्तापेक्षा वाईट, जुना ऑइलपेंट, डाग दिलेला जोड, पडद्याच्या खालची वजनं यात असू शकतं.

मृण्मयी
कस्तुरी, वाचून अंगावर काटा आला. आमचा पिंजरा पावडर कोटिंगचा आहे पण दाराची कडी जीआयची दिसतेय. ती बदलते.

वाडीवरचा
आम्ही रत्नागिरीकडचे. घुंगराबद्दल मी सांगतो. ती गोल घुंगरं असतात ना, खाली चीर असलेली, आत गोळी, ती पिंजऱ्यात कधी कधी कधी लावू नका. आमच्या लव्हबर्डचं मागचं बोट त्या चिरेत गेलं आणि चीर पुढे अरुंद होत जाते त्यामुळे ओढला तसा घट्ट बसला. मी कामावर, आई एकटी घरी, तिने शेजारच्या दादांना बोलावलं, त्यांनी पकडीने घुंगरू दोन्हीकडून दाबून चीर उघडली. बोटाचं टोक काळं पडलं आणि आठ दिवसांनी गळलं. आता बरा आहे, पण दांडीवर बसताना तो पाय जरा सावरून ठेवतो. घंटी लावायचीच तर देवळातल्या घंटेच्या आकाराची, खालून उघडी, लोळी पक्की बसवलेली.

दुसरं म्हणजे आमच्याकडे पावसात फांदीला बुरशी येते. बाहेरून दिसत नाही, सालीखाली काळी पावडर असते. पक्ष्याच्या फुप्फुसाला बुरशी फार वाईट, म्हणून जून ते सप्टेंबर मी फांद्या बदलतच राहतो.

नंदिनी
दोरीच्या दांड्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. मऊ असतात, दुखऱ्या पायाला आराम मिळतो, त्यामुळे गोटीला थोडे दिवस एक उपयोगी पडेल. पण सुताचे धागे सुटायला लागले की तीच दोरी घातक. धागा बोटाला गुंडाळला जातो, ओढून ओढून रक्त थांबतं, आणि चावणारा पक्षी धागे गिळतो ते अन्ननलिकेच्या पिशवीत गोळा होऊन अडकतात. दर दोन दिवसांनी बघायचं आणि पहिलं टोक सुटलं की फेकून द्यायचं. आणि ते कापडी तंबूसारखं घरटं मिळतं, रंगीत, गोंडस, ते तर घेऊच नका, त्यात धाग्यांचा धोका आहेच, वर अंधाऱ्या बिळासारख्या जागेत शिरून मादी अंड्यावर येते. एकट्या कॉकटिएल मादीने सारखी अंडी घातली की अंगातलं कॅल्शियम संपतं. गोटी मादी आहे ना? मग आरसाही नको.

अतुल_मेलबर्न
मी मूळ साताऱ्याचा, नऊ वर्षं इकडे. कॉकटिएल आणि बजी दोन्ही मुळात इथल्या आतल्या कोरड्या भागातले पक्षी. इकडचे जुने पाळणारे दुकानातली दांडी घेतच नाहीत, निलगिरीची फांदी पानांसकट आणून बांधतात. पक्षी आधी पानं तोडतात मग साल सोलतात, दोन-तीन दिवस नुसती चंगळ, आणि मग उरलेली दांडी होते. म्हणजे बसायची जागा आणि खेळणं एकच. फांदी सुकून नुसता गुळगुळीत दांडका उरला की बदलायची. आमच्या मागच्या अंगणात बॉटलब्रशला रेनबो लॉरिकीट येतात, त्यांना बघितलं तर कळतं की ते कधी एका जागी सरळ उभे नसतात, फांदी हलत असते, पाय सतत कामात. भारतात निलगिरी आणि बॉटलब्रश दोन्ही सहज मिळतं, फक्त फवारणी झालेली नको.

मृण्मयी
कुठली झाडं चालतात आणि कुठली नाहीत, एकत्र कुणी सांगेल का? आमच्या सोसायटीत बरीच झाडं आहेत.

राजाभाऊ_ठाणे
सोसायटीतली नकोच शक्यतो, तिथे किडीची औषधं मारतात आणि डासांचा धूरही सोडतात. रस्त्याकडेची तर नाहीच.

मी स्वतः वापरलेली म्हणजे पेरू, तुती, जांभूळ, कडुनिंब, बाभूळ काटे काढून, बांबू आणि चावायला जास्वंदीच्या काड्या. बांबू गुळगुळीत असतो म्हणून त्याला कानस मारून खरबरीत करतो. पेरू आणि बाभूळ कठीण, टिकतात. तुती मऊ, साल सोलायला आवडते.

कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांना हात लावायचा नाही, दोन्हीत हृदयावर परिणाम करणारं विष आहे आणि प्रत्येक सोसायटीच्या कुंपणाला हीच झाडं असतात. रुई, शेर, चाफा, एरंड नको. बिब्बा आणि काजूचा चीक कातडी भाजतो. अॅव्होकॅडो पक्ष्यांना विषारी, फळ पान फांदी सगळंच. आंब्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, चिकामुळे मी वापरत नाही, पेरू असताना गरजच काय. माझा नियम असा की झाड ओळखता आलं नाही तर फांदी घरात आणायची नाही. फर्निचरचं उरलेलं लाकूड, प्लायवूड, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड हेही बाद.

आता सासवडची फांदी आली की काय करायचं ते सांगतो. ओली असतानाच पिंजऱ्याच्या रुंदीपेक्षा बोटभर कमी कापा. ताठ ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा, गाठींच्या खाचात किडे अंडी असतात तिथे जास्त. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून परत घासा आणि धुवा. मोठा ओव्हन असेल तर ९५ ते १०० डिग्रीला पाऊण तास, पण समोरून हलायचं नाही. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये मावत नाही, मग उकळतं पाणी सगळीकडून दोन-तीनदा ओता आणि कडक उन्हात चार-पाच दिवस, रोज फिरवून. साल काढू नका, तीच तर हवी असते त्यांना. वॉर्निश, रंग, फेविकॉल काहीही नाही.

बसवायला हार्डवेअरच्या दुकानात हँगर बोल्ट मागा. त्याच्या एका टोकाला लाकडात जाणारे आटे असतात, दुसऱ्या टोकाला नटाचे. फांदीच्या टोकाला मधोमध बारीक भोक पाडून लाकडी आट्याची बाजू पिळा, मग जाळीच्या आत एक मोठा वायसर, बाहेर एक मोठा वायसर आणि विंग नट. सगळं स्टेनलेसचं. दुकानात चुंबक घेऊन जा, ३०४ ला चुंबक बहुतेक चिकटत नाही, गच्च चिकटलं तर तो मुलामा दिलेला माल. तारेने बांधू नका, तारेची टोकं डोळ्यात जातात.

जागाही महत्त्वाची. सगळ्यात जाड आणि आरामशीर दांडी सगळ्यात वर, मागच्या बाजूला, भिंतीकडे, तिथे ती झोपेल. दुसरी खाली पण पहिलीच्या बरोबर खाली नको, नाहीतर सगळी घाण तिच्यावर. वाट्यांवर कुठलीच दांडी नको. शेपटी जाळीला घासत नाही ना ते बघा. आणि मधली जागा मोकळी. कॉकटिएल रात्री दचकून अंधारात फडफडतात, तेव्हा मधे टांगलेली चार खेळणी असली की पंख मोडतो. एक मंद दिवा लावून ठेवा.

सुहास_नाशिक
छान माहिती. आमच्याकडे साधा हिरवा पोपट आहे, गळ्याला गुलाबी पट्टा असतो तो. गावाकडून काकांनी पिल्लू दिलं होतं, सहा वर्षं झाली. गोल पिंजरा आहे आणि लोखंडी सळी. त्याला कितीची दांडी लावू?

नंदिनी
सुहासदादा, तुमचा जीव आहे त्याच्यावर हे दिसतंय, त्यामुळे सरळ सांगते. आपल्याकडचे रानातले पोपट, हा गुलाबी कंठाचा, मोठा पहाडी, लाल डोक्याचा, कुठलाच घरात ठेवता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. विकत घेणं, देणं, पिंजऱ्यात ठेवणं सगळंच. पण म्हणून दार उघडून सोडू नका, सहा वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला खाणं शोधता येत नाही, कावळे मांजरं टिकू देत नाहीत. वनखात्याची १९२६ हेल्पलाइन आहे, त्यावर बोला, ते पुढचं सांगतील.

तोवर त्याला सळीवर ठेवू नका, पेरूची दोन-अडीच सेंटिमीटरची फांदी आजच लावा. आणि गोल पिंजरा कुणालाच चांगला नाही, वर सळ्या जवळ जवळ येतात तिथे बोट नाहीतर चोच अडकते.

कस्तुरी, कोन्युअर परदेशी असला तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते, केली असशीलच. कॉकटिएल आणि बजी नोंदणी लागणाऱ्या पक्ष्यांच्या यादीत नाहीत.

कस्तुरी_कोल्हापूर
हो, केलीय.

सुहास_नाशिक
हे खरंच माहीत नव्हतं. घरी बोलतो. आई फार लावून घेईल, पण फोन करतो.

अतुल_मेलबर्न
पिंजरा बघताना सळ्यांमधली फटही मोजा. बजीला १२ मिलिमीटरपर्यंत, कॉकटिएलला १६ पर्यंत, त्याहून जास्त असेल तर डोकं जातं आणि परत येत नाही. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, पक्षी आडवा उडतो.

राजाभाऊ_ठाणे
मृण्मयीताई, डॉक्टरांनी खाणं बदला म्हटलंय ते का, हे राहिलं. नुसत्या बियांवर, त्यातही सूर्यफुलावर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्याने तळव्याची कातडी कमजोर होते, शिवाय वजन वाढतं आणि ते सगळं त्या दोन तळव्यांवर. गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, कोथिंबीर. पहिले आठ-दहा दिवस तोंड फिरवेल, तुम्ही थांबू नका. समुद्रफेन एक कायम अडकवून ठेवा.

कस्तुरी_कोल्हापूर
आणि दांडी किंवा बसायचा स्टँड स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत जातो, आपल्याला वासही येत नाही.

मृण्मयी
सहा आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना कळवायचं होतं.

आईने सासवडहून तीन फांद्या पाठवल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीने. राजाभाऊंनी सांगितलं तसं सगळं केलं, हँगर बोल्ट तिसऱ्या दुकानात मिळाले. पहिले दोन दिवस गोटी नव्या दांडीवर बसलीच नाही, जाळीला लटकून राहायची आणि लांबून मान वाकडी करून बघायची, मला वाटलं आता हिचा पाय अजून दुखणार. म्हणून मग जुनी एक दांडी परत लावली आणि नवी तिच्या शेजारी टेकवली. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला कट कट कट, बघते तर बाईसाहेब फांदीवर, गाठीपाशी वाकून साल सोलतायत, आणि खाली कागदावर सगळा तपकिरी भुगा.

आता गाजर खाते. भोपळा नाही खात, फेकते. आज डब्यात उभी करून खालून फोटो काढला आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवून बघितला. लाल ठिपका गेलाय. डाव्या पायाला मधे अजून थोडं गुळगुळीत आहे पण कडेकडेने खवल्यांची नवी ओळ उमटलीय, टाचणीच्या डोक्याएवढे दाणे. डॉक्टर म्हणाले पुढच्या महिन्यात परत दाखवा.

आत्ता लिहितेय तर ती वरच्या फांदीच्या गाठीवर एका पायावर झोपलीय, डावा पाय पोटाच्या पिसात घेऊन. आईला फोन केला तर ती म्हणाली पावसाच्या आधी अजून दोन फांद्या वाळवून ठेवते.